'भावना दुखावल्या' आणि 'गुन्हा झाला', या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

गणपतीत मोदक खाता खाता मामाने सहज विचारलं, तू देव मानतोस का रे? मी म्हटलं नाही मानत. झालं, मामी ताट तिथेच ठेवून आत गेली. तिला खरंच लागलं होतं, नाटक नव्हतं ते. पण नंतर चुलतभाऊ मला बाजूला घेऊन म्हणतो, जपून बोल बाबा, असं बोलणं गुन्हा आहे, केस होते. तिथे माझं डोकं फिरलं, कारण मामीचं लागणं एक आणि केस होणं वेगळं, आणि आपल्याकडे याची कायम खिचडी होते.

भावना दुखावतात त्या ऐकणाऱ्याच्या मनात. त्याला मोजमाप नाही. 'देव नाही' यात शिवी नाही, टोमणा नाही, तरी कितीही हळू आवाजात बोललात तरी कोणीतरी दुखावणारच. (तसं तर 'आमचाच देव खरा' म्हणणाराही बाकी सगळ्यांना दुखावतो, त्याला मात्र कोणी काही विचारत नाही.)

गुन्हा बघायचा तो बोलणाऱ्याच्या हेतूत. दंड संहितेतलं धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं कलम 295अ, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 299 झालं, ते इंग्रजांनी 1927 मध्ये आणलं. लाहोरमध्ये प्रेषित मोहंमदांवर एक पुस्तिका निघाली होती, तिचा प्रकाशक राजपाल हायकोर्टात सुटला, कारण तेव्हाच्या कलमात ती बसत नव्हती, लोक खवळले म्हणून नवीन कलम आलं. राजपालचा 1929 मध्ये खून झाला तो झालाच. तर या कलमात शब्द आहेत जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने. 'आणि' आहे, 'किंवा' नाही, दोन्ही लागतं. शिवाय दुखावला जायला हवा नागरिकांचा एखादा वर्ग, एकटी मामी नव्हे. 1957 साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी हे कलम वैध ठरवलं ते याच आधारावर, की नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान यात येतच नाही. घटनेच्या कलम 19(2) मध्ये बोलण्यावर बंधनं घालायची जी कारणं दिलीत त्यात 'धार्मिक भावना' नाहीतच, कोर्टाने 'सार्वजनिक सुव्यवस्था' या शब्दातून वाट काढली.

मामीसाठी म्हणाल तर जुनं 298, आताचं 302, ते एका माणसाच्या भावनांसाठी आहे, शिक्षा 1 वर्षापर्यंत. पण तिथेही तिला दुखवायचंच असं ठरवून बोललेलं असायला लागतं. मला तर विचारलं होतं!

आता नास्तिकांच्याच बाजूने सगळं आहे असंही नाही हां. 1953 मध्ये तमिळनाडूतले नास्तिक नेते पेरियार यांनी तिरुचिरापल्लीत भर मैदानात गणपतीची मातीची मूर्ती फोडली. खालच्या कोर्टांनी म्हटलं, मातीचीच तर होती, पवित्र कुठे. 1958 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते खोडून काढलं, लोकांच्या श्रद्धेचा मान ठेवा म्हणून सुनावलं, पण प्रकरण शिळं झालंय म्हणून पुढे काही केलं नाही. मला स्वतःला ते फोडणं पटत नाही. मूर्ती फोडणं आणि 'देव नाही' म्हणणं एका रांगेत बसत नाही. त्याच पेरियारांच्या पुतळ्यांखाली 'देव नाही' असं कोरलंय, त्यावर मद्रास हायकोर्टात याचिका गेली, 2019 मध्ये ती फेटाळली. म्हणजे दगडात कोरलेलं वाक्यसुद्धा चाललं. आणि आपल्याकडे नट डॉ. श्रीराम लागू तर 'परमेश्वराला रिटायर करा' म्हणत गावोगाव फिरले, शेजारी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) नरेंद्र दाभोलकर बसलेले, ते म्हणायचे अंनिसचा देवाधर्माला विरोध नाही, विरोध शोषणाला. देवाबद्दल दोघांचं मत जुळत नव्हतं आणि तेच ऐकायला लोक यायचे.

मग खिचडी होते कुठे? पोलीस स्टेशनात. 295अ (आताचं 299) दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही, एफआयआर दुखावलेल्याच्या तोंडावरून लिहिला जातो आणि हेतू कोर्टात तपासला जातो, तोही पुढे कधीतरी. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांचं बघा. मार्च 2012, विलेपार्ल्याच्या इर्ल्यातलं वेलंकनी चर्च, क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी टपकतंय म्हणून गर्दी, लोक पाणी घेऊन चाललेत. यांनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं की जवळचं ड्रेनेज तुंबलंय, पाणी भिंतीतून वर चढतंय, दिव्याची वात तेल ओढते तसं. टीव्हीवर चर्चलाही चार शब्द सुनावले. काही कॅथलिक संघटनांनी 295अ खाली तक्रारी केल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. तुंबलेलं ड्रेनेज दाखवण्यात दुष्ट हेतू होता का, याचा निकाल लागायच्या आधीच माणूस देशाबाहेर.

चुलतभावाला हे सगळं सांगितलं तर म्हणतो, म्हणजे केस होते ना शेवटी? हो रे बाबा, 'होते' खरी, 'टिकते' का ते विचार.