जुनेपणा आणणारे रंगकाम

नव्या किंवा सुस्थितीतल्या पृष्ठभागाला बरीच वर्षे वापरल्यासारखे रूप मुद्दाम देणाऱ्या सजावटी रंगकामाच्या पद्धती. झिजलेल्या कडा, तडकलेला रंग, कोपऱ्यांत साचलेला मळ अशा खुणा यात काही तासांत किंवा दिवसांत उमटवतात. फर्निचर, चित्रांच्या चौकटी, भिंती आणि नाटक-चित्रपटांचे नेपथ्य यांसाठी त्या वापरतात. जुन्या वस्तूचा नव्याने बसवलेला भाग बाकीच्याशी मिळवून घ्यायलाही त्यांचा उपयोग होतो.

सर्वांत सोपी पद्धत घासण्याची. एका रंगावर दुसऱ्या, बहुधा फिक्या रंगाचा हात देतात आणि पॉलिश पेपरने तो जागोजागी उडवतात. जिथे रंग सुटायला हवा तिथे आधी मेण चोळले, तर वरचा थर धरत नाही. खरे कौशल्य आहे ते जागा निवडण्यात. खणाच्या मुठीभोवती, दाराच्या उघडणाऱ्या कडेला, खुर्चीच्या हातांच्या टोकांना रोज हात लागतो, म्हणून झीज तिथेच पटते. सगळीकडे सारखेच घासलेले कपाट जुने वाटत नाही, काम अर्धवट टाकल्यासारखे वाटते. जपानच्या नेगोरो लाखकामात काळ्या थरावर लाल लाख चढवत. बौद्ध मठातली ताटे-भांडी वापरून झिजली की खालचा काळा रंग डोकावे. हे रूप इतके आवडले, की पुढच्या कारागिरांनी नव्या भांड्यांवरची लाल लाख स्वतःच घासायला सुरुवात केली.

तडे पाडण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत तळाच्या रंगावर सरसाचा हात देऊन तो वाळू देतात आणि वर पाण्यात मिसळणारा रंग लावतात. त्या ओलाव्याने सरस मऊ पडतो. वरचा रंग वाळताना आक्रसतो आणि त्यावर सरकून फाटतो. सरसाचा थर जाड असेल तर भेगा रुंद पडतात. वरचा रंग ब्रशने लावल्यास त्या ब्रशच्या दिशेने जातात, स्पंजने लावल्यास जाळे तयार होते. एकदा फिरवलेला ब्रश त्याच जागी पुन्हा फिरवायचा नाही, नाहीतर उघडू लागलेल्या भेगा लडबडतात. दुसरी रीत वॉर्निशची. खाली सावकाश वाळणारे तेली वॉर्निश देतात आणि ते जरा चिकट असतानाच वर डिंकाचे, पाण्यात विरघळणारे वॉर्निश लावतात. वरचा थर आधी वाळतो आणि तडकतो. हे तडे केसासारखे बारीक असतात, तिरप्या उजेडाशिवाय दिसत नाहीत. म्हणून बर्न्ट अंबर हा तपकिरी तैलरंग चिंधीने चोळून वरवरचा पुसून घेतात. भेगांत राहतो तेवढाच ठेवायचा. शेवटचा हात तेली वॉर्निशचाच हवा, पाण्याच्या वॉर्निशने डिंक विरघळून सगळे तडे जातात.

तड्यांचा खोटेपणासाठीही वापर झाला. हान फान मेगेरेन या डच चित्रकाराने १९३० च्या दशकात सतराव्या शतकातल्या योहानेस फर्मेअर या डच चित्रकाराच्या नावावर खपवलेली चित्रे कृत्रिम राळ मिसळलेल्या रंगांत रंगवून भट्टीत तापवली, कॅनव्हास गुंडाळून तडे पाडले आणि त्यांत शाई भरली. जाणकारही फसले.

तांब्यावरची हिरवट पुटे दाखवायला गडद तपकिरी तळावर निळसर हिरवा रंग ब्रशच्या टोकाने टिपतात. तो खाचांत दाट ठेवून उंचवट्यांवरून पुसतात, कारण ओल खाचांत टिकते. गंजाचा आभासही याच धर्तीवर, नारिंगी-तपकिरी छटांनी करतात.

सजावटी रंगकामाच्या ब्रिटनमधल्या जाणकार ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये आणलेल्या चॉक पेंटमुळे ही कामे घरोघरी पोचली. बहुतेक पृष्ठभागांवर हा निस्तेज रंग प्रायमरशिवाय बसतो आणि सहज घासला जातो. त्यावर आधी साधे, मग गडद मेण लावून मळकटपणा आणतात.

खरोखरच्या जुन्या सामानाला मात्र पॉलिश पेपर लावण्याआधी सावध राहावे लागते. जुन्या रंगांत शिसे असू शकते (अमेरिकेत घरगुती रंगांत त्यावर बंदी आली ती १९७८ मध्ये) आणि कोरडे घासल्यावर उडणारी धूळ लहान मुलांना विशेष घातक असते. अशा वस्तूचा रंग आधी तपासून घेतात.