संगणक म्हातारा झालाय, की नुसता वाट बघतोय?

दसऱ्यानंतरच्या सोमवारी गावातल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "सर, जरा चक्कर मारता का? कॉम्प्युटर चालू व्हायलाच पंधरा मिनिटं लागायलेत. रिफ्रेश मारू मारू कॅशियरचं बोट दुखायलंय." मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पण परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी 'सायन्सचे सर' म्हटलं, की बोअरची मोटार कामून जळाली इथपासून सगळं त्यांनाच विचारतात. गेलो.

सात संगणक. सातही डब्यांवर खंडेनवमीचं हळदीकुंकू, एकाच्या मागच्या जाळीवर झेंडूची वाळलेली माळ. विक्रेत्याचं कोटेशन टेबलावर तयारच होतं: सातही काढा, नवे 'एआय पीसी' घ्या. कारणं दोन. मशिनं म्हातारी झालीत, आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० बंद होतंय. यातलं दुसरं कारण अर्धं खरं आहे. पहिलं साफ चूक.

आधी रिफ्रेशचं बघू. डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून रिफ्रेश दाबलं, की विंडोज समोरचे आयकॉन पुन्हा काढतं. बस्स. मेमरी मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. टाकीवर टिचकी मारून नळाला पाणी येत नाही, तसंच हे. तरी सगळा महाराष्ट्र दिवसातून पन्नास वेळा हे करतो, आणि लिंबू-मिरची लावणाऱ्याला हसतो.

आता म्हातारपण. प्रोसेसरला गुडघे नसतात. कॅशियरचा ३.६ गिगाहर्ट्झचा आय-थ्री २०१९ साली घेतला तेव्हा सेकंदाला ३६० कोटी ठोके द्यायचा, आजही तेवढेच देतो. मग अडतं कुठं? कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला (तो उघडायलाच दीड मिनिट). सीपीयू ९ टक्के. मेमरी ८७ टक्के. डिस्क १०० टक्के. म्हणजे मेंदू हातावर हात ठेवून बसलेला, आणि डिस्क मरमर राबतेय.

हार्डडिस्क हे फार देखणं यंत्र आहे. मिनिटाला ७,२०० फेरे मारणारी आरशासारखी चकती, आणि तिच्यावर हवेच्या गादीवर तरंगणारं वाचक टोक. त्या दोघांत अंतर किती? काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्डडिस्क आणली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. तेव्हापासून साठवण अफाट वाढली, पण टोक हलवा, चकती फिरून यायची वाट बघा, ही रीत तीच राहिली.

आता हिशेब करा, आठवीच्या पोरालाही जमेल. मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२. टोकाला योग्य वर्तुळावर सरकवायला साधारण ९. बेरीज १३ मिलिसेकंद. म्हणजे ही डिस्क सेकंदाला जेमतेम ७५-८० ठिकाणी जाऊ शकते. सलग मोठी फाइल असेल तर तीच डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी ओतते, म्हणून सिनेमा अडकत नाही. पण विंडोज चालू होताना वाचतं ते हजारो बारीक तुकडे, चकतीभर विखुरलेले, पुष्कळदा चार-चार केबीचे. ८० गुणिले ४, सेकंदाला ३२० केबी! समजा असे २०,००० तुकडे लागले, तर २५० सेकंद गेले. त्यात अँटिव्हायरस म्हणतो मलाही वाचायचंय, अपडेट म्हणतं मला लिहायचंय. टोक एक आणि ओढणारे चार.

भरीस भर म्हणजे चार जीबी रॅम, मघाची ८७ टक्के भरलेली मेमरी ती हीच. ब्राउझर, पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आणि एखादी एक्सेल शीट उघडली की ती भरते. मग विंडोज रॅममधली न लागणारी पानं डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागली की परत आणतं. हा हेलपाटा किती महाग आहे? रॅममधून माहिती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. त्याला एक सेकंद मानलं, तर हार्डडिस्ककडून तीच माहिती यायला दीड दिवस लागतो. टेबलावरचा सातबारा उचलणं आणि जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममधून खासरापत्रकाची नक्कल काढणं, यांत जो फरक तोच हा. याच मापानं एसएसडीला, म्हणजे चकतीऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, लागतात सतराएक मिनिटं.

एसएसडीत काही फिरतच नाही. तिथं एक-एक बिट म्हणजे काचेसारख्या विद्युतरोधकात गाडलेल्या इवल्याशा बेटावर अडकवलेले इलेक्ट्रॉन. त्या बेटाला कुठलीही तार जोडलेली नाही. मग इलेक्ट्रॉन आत जातात कसे? शाळेतल्या भौतिकशास्त्रात याला उत्तर नाही. उंच भिंत ओलांडायला ताकद नसेल तर चेंडू अलीकडेच पडतो. पण इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो आणि त्या लाटेचं शेपूट भिंतीच्या पलीकडे थोडं उरतं. भिंत दहाएक नॅनोमीटरची असेल आणि १५-२० व्होल्ट लावले, तर भिंतीची चौकोनी उंची तिरपी होऊन वर निमुळती होते, आणि काही इलेक्ट्रॉन तिच्यातून चक्क आरपार जातात. फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ साली अशा बोगद्याचं गणित मांडलं, ते धातूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनसाठी. त्यावर उभी असलेली फ्लॅश मेमरी, एसएसडीत असते ती, तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे ठेवली. व्होल्टेज काढलं की भिंत पुन्हा पूर्ण जाडीची, आणि आतले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं कोंडलेले. (हे सांगताना व्यवस्थापकांची नजर घड्याळाकडे गेली. वर्गातही इथंच जाते.)

या ये-जा करण्यानं भिंत झिजते, हे खरं. एक घर हजार ते काही हजार वेळा पुसता येतं. पण एसएसडीतला नियंत्रक लिखाण सगळीकडे सारखं वाटतो. २५६ जीबीची एसएसडी हजारदा भरायची आणि पतसंस्था रोज २० जीबी लिहिते असं धरलं, तरी पस्तीस वर्षं निघतात. त्याआधी पॉवर सप्लाय जाईल.

धुळीचं थोडक्यात. डबे उघडले तर पंख्यांवर फुफाट्याचा नमदा बसलेला आणि त्यात हळद. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४३-४४ अंश असतात. हवेची वाट बुजली की प्रोसेसर शंभर अंशांजवळ जाऊन स्वतःच वेग कमी करतो. पूजा जरूर करा, जाळी सोडून.

राहिलं विंडोज १०. ते बंद पडत नाही, १४ ऑक्टोबर २०२५पासून त्याला सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती मिळायची थांबली. घरी एखाद्यानं वर्षभर चालवलं तर तो जाणे. ठेवीदारांचे पैसे आणि आधार क्रमांक असलेल्या मशिनवर नाही. संस्थांना ती दुरुस्ती विकत मिळते, पण पहिल्या वर्षी दर मशिनमागे ६१ डॉलर आणि पुढं दरवर्षी दुप्पट. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी मशिनमधली सोय) लागतं. सातपैकी चार मशिनं आठव्या पिढीची निघाली. विक्रेता म्हणत होता यांत टीपीएम नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, 'पीटीटी' नावानं ते बंद करून ठेवलेलं होतं. चालू केलं, एसएसडी घातली, रॅम आठ जीबी केली, विंडोज ११ नव्यानं टाकलं. कॅशियरचं मशिन आता वीसएक सेकंदांत उभं राहतं.

दोन सहाव्या पिढीची होती आणि एक २०१२चं. एसएसडीनं तीही पळाली असती, पण विंडोज ११ला ती चालत नाहीत, मग पळून जाणार कुठं? ती तीन बदला म्हणालो, साधी घ्या. 'एआय पीसी'तली एआयसाठीची वेगळी चिप सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करते म्हणे. पिग्मीच्या नोंदींना त्यांतली एकही लागत नाही. त्यापेक्षा पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या मशिनवर चालतो का, हे पैसे देण्याआधी बघा.

काढलेल्या हार्डडिस्क शिपाई भंगारवाल्याला द्यायला निघाला होता. थांबवलं. डिलीट केल्यानं फक्त यादीतलं नाव जातं, मजकूर चकतीवरच राहतो. सातही घेऊन वेल्डिंगच्या दुकानात गेलो आणि प्रत्येकीत आरपार तीन भोकं पाडली. तिथल्या पोरानं एक खोलून आतलं निओडायमियमचं चुंबक मागितलं, दिलं. परवा गेलो तर दुकानाच्या लोखंडी चौकटीला ते चिकटवलेलं होतं, आणि त्याला ड्रिलचे आठ-दहा बिट लोंबत होते.