मांजरांमधील वळता राग

वळता राग : ज्याच्यामुळे राग आला त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून मांजराने जवळच्या दुसऱ्या मांजरावर किंवा माणसावर केलेला हल्ला. पशुवैद्यकात याला ‘रिडायरेक्टेड ॲग्रेशन’ म्हणतात. वड्याचे तेल वांग्यावर काढणे ही आपली म्हण त्याच्या अगदी जवळ जाते, पण मांजराच्या या वागण्यात आकस किंवा कावा नसतो. एकत्र वाढलेल्या, एकाच उशीवर झोपणाऱ्या दोन घरमांजरांत एखाद्या दिवशी अचानक जुंपते, तेव्हा भांडणाचे मूळ अनेकदा घरात सापडतच नाही. खिडकीबाहेरच्या छज्जावर येऊन बसलेला भटका बोका हे त्याचे नेहमीचे कारण आहे.

प्रसंग साधारण असा घडतो. पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक मांजर खिडकीच्या काचेआड कुंडीशेजारी बसलेले असते. खालच्या पत्र्यावरून बोका चालत येतो, थांबतो, वर बघतो. आतल्या मांजराचे कान मागे वळून चपटे होतात, बाहुल्या मोठ्या होतात, शेपटीचे फक्त टोक आपटू लागते आणि घशातून खालच्या पट्टीत लांबलचक आवाज निघतो. मध्ये काच आहे. धावून जाता येत नाही आणि जागा सोडून निघूनही जाववत नाही. नेमक्या त्या क्षणी घरातले दुसरे मांजर काय चालले आहे ते बघायला मागून येते आणि त्याचे नाक पहिल्याच्या पाठीला लागते. पुढच्या क्षणी दोघे एकमेकांत गुंतून जमिनीवर लोळत असतात, केसांचे पुंजके उडालेले असतात. घरच्यांनी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत बोका निघून गेलेला असतो. त्यामुळे ‘काहीही कारण नसताना भांडली’ असेच सगळ्यांना वाटते.

मांजर हा एकट्याने शिकार करणारा आणि आपला इलाका जपणारा प्राणी आहे. परके मांजर दिसले की त्याचे शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी तयार होते. ही तयारी वापरली गेली नाही तर लगेच उतरत नाही. काही मांजरे अर्ध्या तासात शांत होतात, काहींना एक-दोन दिवस लागतात, क्वचित त्याहूनही अधिक. या काळात जवळ येणारी कोणतीही हालचाल शत्रूची वाटू शकते. बोका दिसलाच पाहिजे असेही नाही. माणसाला साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६० किलोहर्ट्‌झच्याही वरचे. शिवाय तोंडातल्या टाळूत वास टिपणारे जे वेगळे जेकबसन इंद्रिय असते, त्यामुळे दाराच्या फटीतून आलेला मुताचा वासही त्याला पुरतो. जिन्यात रात्री बोक्यांची भांडणे झाली की बंद दाराआडची मांजरे सकाळी बिनसलेली असतात, ती यामुळेच.

खरी अडचण पहिल्या हल्ल्यानंतर सुरू होते. मार खाल्लेले मांजर आता दुसऱ्याला बघताच फिस्कारते किंवा कपाटाखाली शिरते. त्याची ती भीती पाहून पहिले पुन्हा ताठरते. बोका परत आला नाही तरी भांडण चालू राहते. कुत्र्यांमध्ये भांडणानंतर जवळीक साधून समेट करण्याच्या खुणा दिसतात, मांजरांत त्या फारशा दिसत नाहीत. म्हणून ‘त्यांचे ती मिटवतील’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला इथे घातक ठरतो. ती बहुधा मिटवत नाहीत. दर भांडणागणिक भीती पक्की होत जाते.

भांडण चालू असताना मध्ये हात घालू नये. भडकलेले मांजर मालकालाही ओळखल्यासारखे वागत नाही, आणि त्याचे बारीक सुळे खोल जातात. वरून जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आत पाश्चुरेला जातीचे जंतू वाढून काही तासांत हात सुजू शकतो. उशी, पुठ्ठा किंवा जाड चादर दोघांच्या मध्ये सरकवावी, एकाला चादरीखाली झाकून वेगळ्या खोलीत न्यावे आणि दार लावावे. ओरडणे, पाणी मारणे, चापट देणे याने भीतीत भरच पडते. माणसाला चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. भटक्या मांजरांशी झटापट झालेल्या जनावराच्या बाबतीत रेबीजचा विचार करावाच लागतो.

वेगळी केलेली मांजरे त्याच संध्याकाळी एकत्र आणण्याची घाई ही सर्वांत मोठी चूक. मन कळवळते, दारापलीकडून म्याव ऐकवत नाही, तरीही थांबावे. भडकलेल्या मांजराला अंधाऱ्या, शांत खोलीत पाणी, खाणे आणि शी-शूसाठी माती भरलेला ट्रे देऊन एकटे सोडावे. ते नेहमीसारखे खाऊ लागले, अंग चाटू लागले, पाय पसरून झोपू लागले की मगच पुढचे पाऊल. वाडगी बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, आधी लांब आणि मग रोज थोडी जवळ ठेवावीत, म्हणजे दुसऱ्याचा वास आणि चांगले खाणे यांची सांगड बसते. एकाच्या गालावरून फिरवलेला मऊ कपडा दुसऱ्याच्या अंथरुणात ठेवावा. मग दार बोटभर उघडून किंवा जाळीआडून दोन मिनिटांची भेट, दोघांच्या आवडीचा खाऊ समोर. एकाने जरी टक लावून बघायला सुरुवात केली तरी भेट संपवावी आणि आदल्या टप्प्यावर परत जावे. काही घरांत हे चार दिवसांत जमते, काहींत दोन महिने लागतात. फारच बिनसले असेल तर पशुवैद्य फ्लुओक्सेटिन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधे देतात. ती मनाने देऊ नयेत.

त्याच वेळी बाहेरचा बोका नजरेआड झाला पाहिजे, नाहीतर सारे कष्ट वाया जातात. काचेच्या खालच्या दीड-दोन फुटांवर धूसर फिल्म किंवा बटर पेपर चिकटवला की उजेड येतो, बोका दिसत नाही. बसायची जागा त्या खिडकीवरून हलवून उंच कपाटावर, रस्त्याकडे न बघणारी अशी करावी. दाराखालच्या फटीला पट्टी लावावी. बोक्याने दारावर किंवा पायपुसण्यावर मुताचा फवारा मारला असेल तर तो डाग एन्झाइमयुक्त क्लीनरने काढावा. आपल्याकडे अशा वेळी हात फिनेलकडे जातो, पण त्यात असणारे फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही. पंजे चाटता चाटता ते त्याच्या पोटात जाते. अमोनियाचे क्लीनर तर मुतासारखेच वास मारतात आणि नवा फवारा ओढवून आणतात. घरातही मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त ठेवावा आणि खाण्यापिण्याच्या जागा वेगवेगळ्या कोपऱ्यांत असाव्यात. कोंडीत सापडल्याची भावना त्यामुळे कमी होते.

बोक्याला हुसकावून लावणे हा उपाय टिकत नाही. मासळीबाजार, चिकनचे दुकान किंवा उघडी कचराकुंडी जवळ असेल तर त्याची जागा दुसरा घेतो. मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते, सुमारे ६३ ते ६५ दिवसांत विते आणि वर्षात पुन्हा विऊ शकते. माजावरच्या एका मांजरीमागे आसपासचे बोके गोळा होतात, आणि तोच गोंगाट खिडकीवर येऊन धडकतो. त्यांना पकडून नसबंदी करून, लस देऊन जागच्या जागी सोडणे हाच खरा मार्ग. अशा मांजराच्या कानाचे टोक किंचित कापलेले असते, म्हणजे ते पुन्हा पकडले जात नाही. नसबंदी झालेला बोका फवारे कमी मारतो, कमी भांडतो आणि कमी भटकतो. सोसायटीत खाऊ घालणाऱ्या काकूंशी वाद घालण्यापेक्षा वाडगी तळमजल्याच्या खिडक्यांपासून लांब, इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात आणि ठरल्या वेळी ठेवायची विनंती करावी. मारहाण किंवा विषप्रयोग हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हा आहे, आणि त्या मुक्या जिवाने मुळात काही अपराध केलेलाही नसतो.

निदान करताना दोन गोष्टी तपासाव्यात. दवाखान्यातून परतलेल्या मांजराला औषधांचा वास येतो आणि घरातले त्याला परके समजून फिस्कारते. हा प्रकार वेगळा, परतलेल्या मांजराला घराच्या अंथरुणावर लोळू दिले की बरेचदा निवळतो. दुसरी गोष्ट दुखण्याची. दात, सांधे किंवा मूत्रमार्ग दुखत असलेले मांजरही जवळ आलेल्याला ओरबाडते. खिडकी झाकून आठवडा झाला तरी भांडणे थांबत नसतील, तर दोन्ही मांजरे पशुवैद्याकडे तपासून घ्यावीत. लांब केसांखाली दातांच्या जखमा लपतात आणि काही दिवसांनी तिथे पू धरलेली गाठ हाताला लागते.