पाठ केलेलं ऐन वेळी जातं कुठं?

इंग्रजीत रिकलेक्ट म्हणजे आठवणं, पण त्याचाच जुना दुसरा अर्थ आहे गडबडलेल्या माणसाने स्वतःला सावरणं, भानावर येणं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पुन्हा गोळा करणं. मेंदूत बघायला गेलं तर ही दोन्ही कामं खरंच एकमेकांत अडकलेली आहेत.

परीक्षेत पेपर हातात आला की सगळं ब्लँक, आणि बाहेर पडून जिना उतरता उतरता उत्तर धडाधड आठवायला लागतं. म्हणजे ते पुसलं गेलेलं नव्हतंच, फक्त त्या वेळी बाहेर येत नव्हतं.

ह्यावर 1998 मध्ये 'नेचर' ह्या विज्ञान साप्ताहिकात एक मस्त प्रयोग छापून आला होता, द केर्व्हाँ, रोझेंडाल आणि मॅकगॉ ह्या तिघांचा. उंदरांना पाण्याच्या टाकीत पोहत पोहत पाण्याखाली लपवलेला छोटा प्लॅटफॉर्म शोधायला शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी टेस्टच्या आधी त्यांच्या पायांना हलका शॉक दिला. शॉकनंतर अर्ध्या तासाने पाण्यात सोडलेल्या उंदरांना जागा नीट आठवेना, पण 2 मिनिटांनी सोडलेल्यांना आठवत होती, आणि 4 तासांनी सोडलेल्यांनाही! आता नुसती भीती कारण असती तर 2 मिनिटांवाल्यांचीच जास्त फजिती व्हायला हवी होती ना. खरा घोळ घालत होतं ते स्ट्रेसचं हार्मोन, त्याला रक्तात वर चढायला वेळ लागतो. ते तयारच होऊ नये असं औषध दिलेल्या उंदरांना शॉक बसूनही जागा आठवली.

आपल्यात ह्या हार्मोनचं काम कॉर्टिसॉल करतं. गंमत म्हणजे (ज्याची फजिती झाली त्याला गंमत वाटणार नाही) हेच कॉर्टिसॉल जुनं बाहेर काढायला आडवं येतं पण आत्ता घडतंय ते पक्कं करायला मदत करतं, त्यामुळे स्टेजवर भाषण विसरतं पण समोरच्या रांगेत कोण हसलं ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

मग सावरायचं कसं? दीर्घ श्वास घे असं जो तो सांगतो, आणि त्यात तथ्य आहे, श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी नस) हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून हळूहळू लांब उच्छ्वास सोडला की छातीतली धडधड कमी होते. पण त्याने कॉर्टिसॉल लगेच उतरत नाही, रक्तातलं निम्मं व्हायलाच त्याला साधारण तास-दीड तास लागतो. त्यामुळे अडलेल्या प्रश्नाशी झटापट करत बसून अजून घाबरण्यापेक्षा तो सोडून पुढचा घेतलेला परवडतो, तेवढ्यात तीन तासांचा पेपर असेल तर मागचं आठवायला वेळही मिळतो. दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत मात्र ही सोय नाही.