वॉटकिन्स ग्लेन: मागे सरकणाऱ्या धबधब्यांची घळ

न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनमध्ये ग्लेन क्रीक नावाचा ओढा सुमारे दोन मैलांत 400 फूट उतरतो. वाटेत 19 धबधबे लागतात आणि दोन्ही बाजूंचे कडे 200 फुटांपर्यंत उठतात. उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी पाहिलं, तर एवढ्याशा धारेनं ही घळ कापली यावर विश्वास बसत नाही. शंका अगदीच चुकीची नाही. खोदकामाची सुरुवात पाण्यानं नाही, बर्फानं केली.

इथला खडक सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी समुद्रात साचलेल्या गाळाचा आहे: शेल (चिखलाच्या पातळ थरांचा मऊ खडक), वालुकाश्म, मधेमधे चुनखडक. धबधबे त्या मानानं कालचे. हिमयुगात उत्तरेकडून आलेल्या बर्फाच्या प्रचंड थरानं हा ओढा ज्याला मिळतो त्या सेनेका सरोवराचं खोरं इतकं खरवडलं, की सरोवराचा तळ आज समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बाजूनं येऊन मिळणाऱ्या ओढ्याचं छोटं खोरं मात्र वरच राहिलं. भूगोलात याला लोंबती दरी म्हणतात. सुमारे 12 हजार वर्षांपूर्वी बर्फ हटला आणि ओढ्याला एकदम उतार मिळाला. तेव्हापासून तो मुखाकडून उगमाकडे खडक कापत निघाला आहे. थर कमीअधिक कठीण असल्यामुळे तो उतार पायऱ्यापायऱ्यांचा झाला.

हे कसं घडतं ते कॅव्हर्न कॅस्केडपाशी हाताच्या अंतरावरून दिसतं. पायवाट इथे धबधब्याच्या मागून जाते. डोक्यावर कठीण थराचं छप्पर, खाली ठिसूळ थर झिजून झालेली पोकळी आणि समोर पाण्याचा पडदा. मागची पोकळी वाढत गेली की छपराचा आधार जातो, एक दिवस ते तुटतं आणि धबधबा तेवढा मागे सरतो. पायथ्याच्या कुंडांत गोटे गरगर फिरून खडकाला भोकं पाडतात. त्यासाठी मराठीत 'रांजणखळगे' हा शब्द आहे, आणि ही कुंडं पाहिल्यावर तो किती नेमका आहे ते कळतं. शेजारचे खळगे एकमेकांत फुटले की ओढ्याला नवी, खोल वाट मिळते.

धबधबे मागे किती सरकतात याचा हिशेब आधी नायगाराला मांडला गेला. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल 1841 मध्ये तिथे गेले. वर्षाला सुमारे एक फूट असा अंदाज धरून त्यांनी त्या घळईचं वय 35 हजार वर्षं काढलं. पुढच्याच वर्षी अमेरिकी भूशास्त्रज्ञ जेम्स हॉल यांनी धबधब्याच्या कडेचं सर्वेक्षण केलं. नंतरच्या मोजण्यांत वेग बराच जास्त निघाला, वर्षाला मीटरच्या आसपास. पुढे वीजनिर्मितीसाठी पाणी वळवल्यावर तो पुन्हा मंदावला. माझ्या मते अशा सरासरीनं थोडी फसगतच होते. 1954 मध्ये नायगाराचा प्रॉस्पेक्ट पॉइंट एकाच दिवसात कोसळला. खडक हप्त्याहप्त्यानं झिजत नाही. वर्षानुवर्षं काही दिसत नाही आणि मग एकदम कडाच जातो.

वॉटकिन्स ग्लेनलाही हा अनुभव आला. 1863 मध्ये ही घळ पर्यटकांसाठी खुली झाली, 1906 मध्ये राज्य सरकारनं ती विकत घेतली. कड्याच्या अंगानं बांधलेल्या पायऱ्या आणि पुलांवरून लोक हिंडत होते. जुलै 1935 च्या महापुरानं त्या वाटांची दाणादाण उडवली. मग मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतल्या मुलांनी दगडी वाट बांधली. तिच्या आठशेहून अधिक पायऱ्या आज पर्यटक चढतात. त्या मुद्दाम खडकाच्याच तोंडावळ्याच्या केल्या आहेत. इतक्या बेमालूम, की त्या पाण्यानंच घडवल्या असं नवख्याला वाटावं.

हिवाळ्यात मात्र घळईतली वाट बंद असते. भेगांतलं पाणी गोठून फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं आणि दगड सुटे होतात. वसंतात कर्मचारी कड्यांवरचे हे सैल दगड पाडून घेतात. ते काम उरकल्याशिवाय वाट उघडत नाही.