सिनेमा अडकतोय, पण दोष नेटचा नाही

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या दाजींचा फोन आला. "पाव्हणं, नेटचा मोठा प्लॅन घेतला, तरी पिक्चर अडकतोयच की! आता काय करायचं?"

पिक्चर होता त्यांच्याच घरातल्या जुन्या लॅपटॉपवर. त्यात मीच जेलीफिन हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं, म्हणजे दाजींच्या सीडी-डीव्हीडींचा आणि लग्नाच्या व्हिडिओंचा साठा टीव्हीवर दिसावा. मी गेलो, पिक्चर लावला आणि नेटच्या डबीत येणारी पिवळी वायर काढून टाकली. पिक्चर चालूच राहिला. अडकायचा तिथं अडकत, पण चालू! दाजी डबीकडं बघतच राहिले.

यात नवल काही नाही. लॅपटॉप, राऊटर आणि टीव्ही तिन्ही घरातच. १९२.१६८ ने सुरू होणारे त्यांचे पत्ते म्हणजे वाड्यातल्या खोल्यांचे नंबर, उंबऱ्याबाहेर त्यांना अर्थ नाही. चार जीबीचा अडीच तासांचा सिनेमा म्हणजे सेकंदाला साधारण साडेतीन मेगाबिट. एवढं ओझं साधं वायफायही सहज वाहतं. (राऊटर आणि टीव्हीच्या मध्ये तीन जाड दगडी भिंती असतील तर सरळ लॅनची वायर टाका.)

मग अडतं कुठं? त्यासाठी अडीच तास चार जीबीत मावतात कसे, ते बघावं लागेल, आणि मला खरी गोडी त्यातच आहे.

बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात कॅमेरा घडवला, तेव्हा सिनेमा रिळावर असायचा आणि रिळातली प्रत्येक फ्रेम हे एक पूर्ण चित्र असायचं. सेकंदाला २४ चित्रं धरली, तर अडीच तासांचं ३५ मिलिमीटरचं रीळ चार किलोमीटरहून लांब भरतं. तसंच संगणकात साठवायचं ठरवलं तर? फुल एचडी चित्र धरलं, तर १९२० गुणिले १०८० म्हणजे एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, प्रत्येकाला रंगाचे तीन बाइट. गुणाकार करत गेलं की सेकंदाला सुमारे १४९ मेगाबाइट आणि पूर्ण सिनेमाला सुमारे १.३४ टेराबाइट. चार जीबीत बसवायचा, तर तीनशे भागांतला एक भागसुद्धा ठेवता येत नाही.

खासबाग मैदानातली कुस्ती डोळ्यांसमोर आणा. कॅमेरा स्थिर आहे. लाल माती तीच, मागची गर्दी जवळजवळ तीच, हलतायत फक्त दोन पैलवान. मग प्रत्येक फ्रेममध्ये सगळं मैदान नव्यानं कशाला रंगवायचं? पहिली फ्रेम पूर्ण ठेवायची. पुढच्या फ्रेमसाठी एवढंच लिहायचं: 'हा चौकोन मागच्या फ्रेममधूनच उचल, फक्त सात पिक्सेल डावीकडं आणि दोन खाली सरकव.' या सूचनेला मोशन व्हेक्टर म्हणतात. सरकवूनही उरलेला बारीक फरक तेवढा वेगळा साठवायचा.

तो फरकही जसाच्या तसा ठेवत नाहीत. चौकोनातले आकडे सावकाश आणि झपाट्यानं बदलणाऱ्या पट्ट्यांच्या मिश्रणात मांडतात आणि डोळ्याला न जाणवणाऱ्या बारीक पट्ट्यांना कात्री लावतात. ही मांडणी, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, सुचली मूळचे बेंगळुरूचे नासिर अहमद यांना. १९७४ साली त्यांचा सहकाऱ्यांसोबतचा निबंध छापून आला. जेपेग फोटोही याच मांडणीवर उभे आहेत.

आता खरी मेख. 'सात डावीकडं, दोन खाली' हे शोधायचं कोणी? समजा चौकोन १६ बाय १६ चा आहे आणि चारी दिशांना १६ पिक्सेलपर्यंत शोधायचं आहे. जागा झाल्या ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९. प्रत्येक जागी २५६ वजाबाक्या. एका फ्रेममध्ये असे ८१६० चौकोन. एकूण सुमारे २२७ कोटी वजाबाक्या, त्याही एकाच फ्रेमसाठी! प्रत्यक्षात चतुर आडवाटा वापरून हा आकडा खूप खाली आणतात, तरीही शोधणं महाग पडतंच. उलट सिनेमा दाखवणाऱ्याला काही शोधावं लागत नाही. आयती सूचना वाचायची आणि चौकोन सरकवायचा. कोडं घालणाऱ्याची रात्र जाते, उत्तर हातात असलेल्याचा क्षण.

जोतिबाच्या यात्रेचा व्हिडिओ गुलाल उधळताच चौकोनी-चौकोनी का दिसतो, तेही यातच आलं. प्रत्येक कण वेगळ्या दिशेला उडतो, मागच्या फ्रेममधून उचलण्याजोगं काही उरत नाही आणि ठरवून दिलेल्या बाइटांत नवं चित्र मावत नाही.

दाजींच्या घरी झालं होतं ते असं. या सूचना लिहिण्याच्या भाषा निरनिराळ्या आहेत. २००३ ची एच.२६४ जवळजवळ प्रत्येक टीव्हीला येते, २०१३ ची एच.२६५ जुन्या टीव्हींना येईलच असं नाही. टीव्हीला भाषा येत नसली की सर्व्हर, म्हणजे इथं तो लॅपटॉप, सिनेमा उलगडतो आणि दुसऱ्या भाषेत पुन्हा बांधतो. हे ट्रान्सकोडिंग. म्हणजे त्या कोट्यवधी वजाबाक्या सिनेमा चालू असताना, दहा वर्षांच्या लॅपटॉपवर! पंखा घुमायला लागतो आणि चित्र थांबतं. नेटचा प्लॅन कितीही मोठा घ्या, या वजाबाक्या तो करून देत नाही.

सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबलही करून देत नाही. तिच्यातून शून्य आणि एकच जातात, तिनं रंग खुलत नाहीत. राऊटरवर चिकटवायचे 'रेडिएशनरोधक' स्टिकरही दाजींकडं निघाले. म्हटलं, हे खरंच लहरी अडवत असते, तर वायफाय बंद पडलं असतं!

जेलीफिनच्या डॅशबोर्डवर पाहिलं तर 'ट्रान्सकोडिंग' लिहिलेलं, पण इथं कारण भाषा नव्हती, सबटायटल होतं. ती अक्षरं नव्हती, डिस्कवरून आलेली चित्रं होती. टीव्हीला ती वेगळी दाखवता येईनात, म्हणून सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर ती छापून सगळा सिनेमा पुन्हा बांधत होता. ती बंद केली आणि एसआरटी ही साध्या मजकुराची फाइल जोडली. पंखा शांत झाला. आम्ही पिक्चर शेवटपर्यंत बघितला.

घरी पोचतोय तोवर ताईचा फोन, "अरे, आमचं नेट का बंद आहे?" पिवळी वायर परत लावायची राहूनच गेली होती.