फोन कंपन्यांना अभय कसे मिळाले: अमेरिकेतल्या पाळतीची पार्श्वभूमी

९ जुलै २००८ रोजी अमेरिकेच्या सिनेटने ६९ विरुद्ध २८ मतांनी एक विधेयक मंजूर केले. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची त्यावर सही झाली. विदेशी गुप्तवार्तेसाठीच्या पाळतीच्या कायद्यात, म्हणजे फिसा कायद्यात, दुरुस्ती करणारे हे विधेयक होते. एटी अँड टी, व्हेरायझन आणि इतर फोन कंपन्यांवर ग्राहकांनी लावलेले सुमारे चाळीस दावे कंपन्यांना माफी देणाऱ्या त्यातल्या एका भागाने निकालात निघणार होते. वॉरंट नसताना ग्राहकांचे फोन आणि ईमेल सरकारच्या हवाली केल्याचा आरोप त्या दाव्यांत होता. या माफीला देशभरातून विरोध झाला. त्या विरोधामागे साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसेल तर लोकांचा संताप नीट समजत नाही.

दुसरे महायुद्ध संपले आणि तारांवरची युद्धकालीन सेन्सॉरशिपही संपली. अमेरिकी लष्कराच्या गुप्तलिपी विभागाला मात्र परदेशी तारा वाचायची सवय सोडायची नव्हती. ऑगस्ट १९४५ मध्ये त्याची माणसे वेस्टर्न युनियन, आरसीए आणि आयटीटी या तीन कंपन्यांकडे गेली आणि देशात येणाऱ्या-जाणाऱ्या तारांच्या प्रती त्यांनी मागितल्या. शांततेच्या काळात हे कायद्यात बसत नाही याची कंपन्यांना कल्पना होती. त्यांनी प्रती दिल्या आणि बदल्यात अभय मागितले. १९४७ मध्ये संरक्षणमंत्री जेम्स फॉरेस्टल यांनी त्यांना तोंडी हमी दिली की हे सरकार असेपर्यंत तुमच्यावर खटला होणार नाही. १९४९ मध्ये फॉरेस्टल यांच्यानंतर आलेल्या लुई जॉन्सन यांनी तीच हमी पुन्हा दिली. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, यावर कोणताही कायदा केला नव्हता, आणि कोणत्याही न्यायालयाला याची खबर नव्हती.

‘शॅमरॉक’ हे सांकेतिक नाव असलेला हा प्रकार १९७५ पर्यंत चालला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या एनएसए या गुप्तवार्ता संस्थेने तो वारशाने चालवला. शेवटच्या काळात तिचे विश्लेषक महिन्याला सुमारे १,५०,००० संदेश वाचायला बाजूला काढत होते. ‘मिनारेट’ या दुसऱ्या योजनेत नावांची यादीच ठेवली होती. मार्टिन ल्यूथर किंग आणि मुहम्मद अली यांची नावे तिच्यात होती. सिनेटर फ्रँक चर्च यांचेही होते, हे २०१३ मध्ये उघड झालेल्या कागदपत्रांतून कळले. वॉटरगेटनंतर गुप्तचर संस्थांची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीचे अध्यक्ष हेच चर्च. फोर्ड सरकारचा आक्षेप न जुमानता त्यांच्या समितीने नोव्हेंबर १९७५ मध्ये शॅमरॉक जाहीर केला.

त्यातून १९७८ चा फिसा कायदा आला. त्यावर सही जिमी कार्टर यांची. पाळतीची परवानगी देण्यासाठी गुप्तपणे बसणारे एक विशेष न्यायालय या कायद्याने निर्माण केले. या न्यायालयाबद्दल बरेच लिहिले जाते. कंपन्यांबद्दल काय ठरले ते मात्र मागे पडते, आणि माझ्या मते सगळा वाद तिथेच आहे. कंपनीने दाराशी उभे राहून कागद मागायचा, अशी ती व्यवस्था होती. न्यायालयाचा आदेश किंवा कायद्याने ठरवलेल्या परिस्थितीत अॅटर्नी जनरलचे लेखी प्रमाणपत्र हातात असेल, तर सरकारला मदत करणाऱ्या कंपनीवर दावा करता येणार नाही. कागदाशिवाय मदत केली, तर ग्राहक भरपाई मागू शकतो. म्हणजे प्रामाणिक कंपनीला पूर्ण संरक्षण १९७८ पासूनच होते. तीस वर्षांनंतर नवीन माफी मागावी लागली, ती हा कागद नसलेल्यांसाठीच.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, ४ ऑक्टोबरला, बुश यांनी एनएसएला फिसा न्यायालयाला बाजूला ठेवून काम करायची परवानगी दिली. संवादाचे एक टोक परदेशात असेल तर देशातल्या माणसाचेही बोलणे वॉरंटशिवाय ऐकायचे, आणि फोन कोणी, कोणाला, किती वेळ केला याच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर गोळा करायच्या, असे त्याचे स्वरूप होते. घाई होती, असे समर्थक म्हणत. पण तातडीच्या वेळी आधी ऐका आणि २४ तासांत न्यायालयाकडे या, अशी मुभा कायद्यात आधीपासूनच होती, आणि डिसेंबर २००१ मध्ये ती ७२ तासांची झाली.

१६ डिसेंबर २००५ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या जेम्स रायझन आणि एरिक लिक्टब्लाउ यांनी ही गोष्ट छापली. सरकारच्या विनंतीवरून वर्तमानपत्राने बातमी वर्षाहून अधिक काळ थांबवून ठेवली होती. मधल्या काळात अध्यक्षपदाची निवडणूक होऊन गेली. पुढच्या महिन्यात मार्क क्लाइन नावाचे एटी अँड टीचे निवृत्त तंत्रज्ञ सॅन फ्रान्सिस्कोतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात आपणहून कागदपत्रे घेऊन आले. फॉल्सम स्ट्रीटवरच्या ६११ क्रमांकाच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर ६४१-ए ही कुलूपबंद खोली होती. इंटरनेटच्या फायबर केबलमधला प्रकाश एका उपकरणाने दुभागला जात होता: एक प्रवाह नेहमीच्या वाटेने पुढे आणि त्याची हुबेहूब प्रत त्या खोलीत. क्लाइन यांनी ती जोडणी स्वतः हाताळली होती, त्यामुळे त्यांचे म्हणणे ऐकीव नव्हते. त्या प्रवाहात कोण संशयित आणि कोण नाही, अशी निवड आधी होत नव्हती. केबलमधून जाणारे सगळेच दुभागले जात होते.

फाउंडेशनने ३१ जानेवारी २००६ रोजी एटी अँड टीविरुद्ध ‘हेप्टिंग’ या नावाने ओळखला जाणारा दावा दाखल केला. सरकार मध्ये पडले आणि राष्ट्रीय गुपित असल्याचे सांगून दावा फेटाळायची मागणी त्याने केली. न्यायाधीश व्हॉन वॉकर यांनी जुलैमध्ये ती नाकारली. या निकालाने कंपन्या हादरल्या. त्याच सुमारास यूएसए टुडेने फोन-नोंदींच्या प्रचंड साठ्याची बातमी दिली. क्वेस्ट या कंपनीने कायदेशीर आदेश दाखवा असे म्हणत नोंदी द्यायला नकार दिल्याचेही तेव्हाच बाहेर आले. बाकीच्यांना हे अशक्य नव्हते, याचा क्वेस्टइतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

मग लढाई काँग्रेसमध्ये गेली. माफीच्या बाजूचे म्हणत की हल्ल्यानंतरच्या दिवसांत देशाच्या हाकेला ओ देणाऱ्या कंपन्यांना कोर्टात खेचणे अन्याय आहे, आणि पुढे कोणी मदत करणार नाही. पहिल्या आठवड्यांपुरते हे मला समजू शकते. पाच वर्षांच्या सलग मदतीला ते लागू होत नाही. कनेक्टिकटचे सिनेटर ख्रिस डॉड यांनी डिसेंबर २००७ मध्ये अध्यक्षपदाचा प्रचार सोडून सभागृहात तासन्‌तास भाषण केले आणि विधेयक तेवढ्यापुरते मागे घ्यायला लावले. फेब्रुवारीत माफी वगळण्याची त्यांची दुरुस्ती ३१ विरुद्ध ६७ मतांनी पडली. प्रतिनिधिगृह काही महिने अडून राहिले. मार्चमध्ये त्याने माफीविना विधेयक २१३ विरुद्ध १९७ मतांनी मंजूरही केले. जूनमध्ये मात्र नेत्यांनी तडजोड केली आणि २९३ विरुद्ध १२९ मतांनी माफी आली.

तेव्हा सिनेटर आणि अध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या बराक ओबामा यांनी आधी माफी असलेल्या कोणत्याही विधेयकाला रोखून धरायचे वचन दिले होते. जूनमध्ये त्यांनी तडजोडीला पाठिंबा जाहीर केला. तेव्हा त्यांच्याच समर्थकांनी, त्यांच्याच प्रचाराच्या संकेतस्थळावर ‘विरोधात मत द्या’ असे सांगणारा गट काढला. काही दिवसांत तो तिथला सर्वांत मोठा गट झाला. ओबामांना ३ जुलैला जाहीर उत्तर द्यावे लागले. मत मात्र त्यांनी बाजूनेच दिले. डावे उदारमतवादी आणि उजव्या बाजूचे रॉन पॉल यांचे समर्थक या प्रश्नावर एकत्र पैसे उभे करत होते, हेही त्या उन्हाळ्यात दिसले. पक्ष बघून मत ठरवणारी ही माणसे नव्हती. आपल्या पसंतीच्या उमेदवारालाही जाब विचारायची त्यांची तयारी होती, आणि मला त्यांचा आदर वाटतो तो यासाठी.

माफीची यंत्रणा बारकाईने पाहण्यासारखी आहे. ११ सप्टेंबर २००१ ते १७ जानेवारी २००७ या काळातल्या मदतीबद्दल अॅटर्नी जनरलने न्यायालयाला प्रमाणपत्र द्यायचे. राष्ट्राध्यक्षांनी परवानगी दिली आहे आणि काम कायदेशीर ठरवले आहे असे कंपनीला लेखी कळवले होते, किंवा कंपनीने मदत केलीच नव्हती, यांपैकी काहीही त्यात असू शकते. न्यायाधीशाला पुरेसा आधार दिसला की दावा संपला. ते ‘कायदेशीर’ खरोखर कायदेशीर होते का, हा प्रश्न त्याने विचारायचाच नाही. फॉरेस्टल यांची तोंडी हमी आता लेखी कायदा झाली होती.

याच कायद्यातल्या ७०२ व्या कलमाने अमेरिकेबाहेरच्या परदेशी माणसांवर, प्रत्येकासाठी वेगळे वॉरंट न घेता, पाळत ठेवायला परवानगी दिली. न्यू जर्सीतल्या मुलाचा पुण्यात आईशी होणारा फोन घेतला, तर मुलाला अमेरिकेच्या घटनेचे थोडे तरी छत्र आहे. पुण्यातल्या आईला ते नाही.

वॉकर यांनीच जून २००९ मध्ये हेप्टिंग आणि बाकीचे दावे फेटाळले. अपिलाच्या न्यायालयाने २०११ मध्ये माफी घटनात्मक ठरवली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला. सरकारवर थेट दावे करून पाहिले गेले, पण तिथे दुसरी भिंत होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की पाळत तुमच्यावरच ठेवली गेली हे दाखवता येत नसेल तर दावा करायचा अधिकार नाही. पाळत गुप्त असल्याने ते दाखवणार कसे, याला उत्तर नव्हते. चार महिन्यांनी एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी तिची गुप्त कागदपत्रे बाहेर काढली. व्हेरायझनला रोजच्या फोन-नोंदी द्यायला सांगणारा फिसा न्यायालयाचा गुप्त आदेश त्यांत होता. २०१५ मध्ये काँग्रेसने नोंदींची ती सरसकट वसुली बंद केली.

६४१-ए खोलीबद्दल फाउंडेशनने सप्टेंबर २००८ मध्ये एनएसएविरुद्ध ‘ज्युएल’ हा वेगळा दावा लावला होता. तो जवळपास चौदा वर्षे चालला. राष्ट्रीय गुपिताचे कारण पुढे करत तो फेटाळला गेला आणि जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. त्या खोलीत जे चालले ते कायद्यात बसत होते की नव्हते, यावर या दोन्ही दाव्यांत शेवटपर्यंत निकाल झाला नाही.